खाँसाहेबांचा गंधार

किराणा घराणे म्हटले की नवख्या माणसाला आधी वाण्याचे दुकान आठवते. त्या दुकानाशी या नावाचा काही संबंध नाही. उत्तर प्रदेशात, पूर्वीच्या मुजफ्फरनगर आणि आताच्या शामली जिल्ह्यात, कैराना नावाचे गाव आहे. तिथल्या गवयांच्या आणि सारंगियांच्या घरांतून जी गायकी निघाली तिला किराणा म्हणतात. या गायकीला महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या मातीत रुजवणारे उस्ताद अब्दुल करीम खाँ ११ नोव्हेंबर १८७२ रोजी त्याच कैरान्यात जन्मले. त्यांचा आवाज, त्यांचे शिष्य, त्यांची ठुमरी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या आयुष्यातला एक धागा मात्र मागे राहतो. स्वरांचे गणित मांडू पाहणाऱ्या विद्वानांपुढे त्यांनी आपला गळा आणि कान मोजमापासाठी ठेवले होते. ज्या काळात उस्ताद आपली विद्या मुठीत झाकून ठेवत, त्या काळात हे धाडसच होते.

कैराना ते बडोदा

वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. घरात सारंगी होती, बीन होती. गळ्याबरोबर त्यांचा हातही वाद्यावर बसला. सारंगीला पडदे नसतात. नखाच्या कडेने तार दाबून प्रत्येक स्वर स्वतः शोधावा लागतो आणि बोट केसभर सरकले की स्वर सरकतो. ज्या मुलाचा कान अशा घरात तयार होतो, त्याला गंधार म्हणजे एक ठरलेली पट्टी असे कधी वाटत नाही. गंधार ही त्याच्यासाठी शोधून काढायची जागा असते.

तरुणपणी, धाकटे भाऊ अब्दुल हक यांच्यासह ते फिरत फिरत बडोद्याला पोहोचले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात गायक झाले. तिथे राजघराण्याशी नाते असलेल्या माने घराण्यातली ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. पुढे दोघांनी लग्न केले. मराठा सरदाराची मुलगी आणि मुसलमान गवई हे लग्न त्या शतकाच्या शेवटी कोणाला रुचणार? दोघांना बडोदे सोडावे लागले आणि ती दोघे मुंबईकडे आली. ज्या गायकाच्या नावावर आज मराठी माणूस हक्क सांगतो, तो महाराष्ट्रात आला तो असा, दरबारची नोकरी गमावून.

गणिताचा पेच

खाँसाहेबांनी नेमके काय केले हे समजण्यासाठी थोडे आकडे पाहावे लागतील. आकडे शाळेतल्या अपूर्णांकांपलीकडचे नाहीत.

मध्य सप्तकाचा सा सेकंदाला २४० कंपनांचा धरू. तारेची लांबी निम्मी केली की कंपने दुप्पट होतात, म्हणजे ४८०. हा तार सा. लांबी दोन तृतीयांश ठेवली तर ३६० कंपने मिळतात. हा पंचम. सा आणि पंचम यांचे नाते २:३ असे साधे आहे, म्हणून ते एकत्र वाजले की कानाला गोड लागतात. सा आणि गंधार यांचे नाते ४:५ असे ठेवले, तर गंधार ३०० कंपनांवर येतो.

आता दुसऱ्या वाटेने जाऊ. सा वरून पंचम घ्या, त्या पंचमाला सा मानून त्याचा पंचम घ्या आणि असे चार वेळा करा. वर गेलेला स्वर पुन्हा मध्य सप्तकात आणला की तोही गंधारच असतो. पण त्याची कंपने भरतात ३०३.७५. दोन्ही वाटा शुद्ध, दोन्ही हिशेब बरोबर, तरी गंधार दोन. छत्तीस इंचांच्या तारेवर या दोन गंधारांच्या जागांमध्ये सुमारे नऊ मिलिमीटरचे अंतर पडते. बोटाच्या पेरापेक्षा कमी, पण तयार कानाला ढळढळीत दिसेल इतके.

हीच पंचमाची वाट बारा वेळा चालली तर माणूस पुन्हा सा वर यायला हवा. तो येत नाही. २४० ऐवजी सुमारे २४३.३ वर येतो. वर्तुळ जुळता जुळत नाही आणि थोडी फट उरतेच. ही फट कोणाच्या चुकीने राहिलेली नाही. दोनचा आणि तीनचा कितीही वेळा स्वतःशी गुणाकार केला तरी ते दोन गुणाकार कधी एकमेकांना भेटत नाहीत, एवढेच तिचे कारण.

जगभरच्या संगीतज्ञांनी या फटीशी झटापट केली आहे. आठव्या शतकात बगदादला मन्सूर जलजल नावाचा ऊद वाजवणारा होता. त्याने मधल्या बोटासाठी एक नवी जागा धरली. ती ना कोमल गंधारात बसत होती, ना शुद्ध गंधारात. पुढे दहाव्या शतकात अल-फाराबीने संगीतावरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्या जागेचा अपूर्णांक काढला, २७:२२, आणि ती जागा जलजलच्या नावाने ओळखली गेली. तेराव्या शतकात सफीउद्दीन उरमवीने सप्तकाचे सतरा भाग मांडले. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात बावीस श्रुती आहेत. दोन वीणा शेजारी ठेवायच्या, एक स्थिर ठेवायची आणि दुसरी हळूहळू उतरवत जायची, असा प्रयोगही तिथे सांगितला आहे. सतराव्या शतकात अहोबलाने तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा सांगितल्या.

युरोपने मात्र तडजोड केली. सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडले आणि ती फट सगळ्या स्वरांत वाटून टाकली. पियानो त्याच हिशेबाने लागतो, आणि त्याच हिशेबाची पेटी एकोणिसाव्या शतकात भारतात आली. पेटीचा गंधार साधारण ३०२.४ कंपनांचा. तो ३०० ही नाही आणि ३०३.७५ ही नाही.

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावसारख्या गावात हरिनाम सप्ताहाला वीणेकऱ्याच्या गळ्यात वीणा असते आणि शेजारी पेटी वाजत असते. उरुसात कव्वालाच्या पुढ्यातही पेटीच असते. वीणेची तार कानाने जुळवलेली, पेटीचे सूर कारखान्यात बसवलेले. दोन वेगळे हिशेब एकाच मांडवात नांदतात. भजन रंगते आणि कव्वालीही रंगते. पण चांगला गाणारा आलाप लांबवू लागला की पेटीवाला हात हलका करतो, कधी नुसता सा धरून बसतो. असे का करावे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. त्याचा कान त्याला सांगतो.

तंबोऱ्यातला न छेडलेला स्वर

खाँसाहेबांचा सारा विश्वास तंबोऱ्यावर होता. तंबोरा जुळवण्यात ते खूप वेळ घालवत. वाद्याची दुरुस्ती स्वतः करत. घोडीवर तार टेकते तिथे सुताचा बारीक धागा सरकवून जवारी कशी खुलवायची, यात त्यांचा हात धरणारे थोडे होते.

या धाग्यात पदार्थविज्ञान आहे. साधी तार छेडली तर तिचा मूळ स्वर मोठा आणि त्यातले वरचे उपस्वर क्षीण ऐकू येतात. तंबोऱ्याची घोडी सपाट, किंचित गोलसर असते. तार तिच्यावर घासत राहते आणि वरचे उपस्वर जोरात फुलतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना नोबेल मिळण्याच्या आधी, १९२१ च्या सुमारास, त्यांनी तंबोरा आणि वीणेच्या या वैशिष्ट्यावर शास्त्रीय टिपण लिहिले होते. खर्जाची तार १२० कंपनांची असेल तर तिचा पाचवा उपस्वर ६०० कंपनांचा, म्हणजे तार सप्तकातला गंधार. हा ३०० च्या नात्यातला, म्हणजे ४:५ चा गंधार आहे. तंबोऱ्यावर गंधाराची तार नसते, पण तंबोरा नीट जुळला की गंधार आपोआप बोलू लागतो. किराण्याच्या गायकांचा गंधार इतका शांत आणि भरलेला का लागतो, याचे एक कारण इथे सापडते. गायक तो स्वर तंबोऱ्यातून ऐकून त्यात आपला गळा मिसळत असतो.

एका खोलीत तिघे

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर याच कोड्याच्या मागे लागले होते. भरताच्या बावीस श्रुती नेमक्या कुठे आहेत, त्यांना आकड्यांत मांडता येईल का, हा त्यांचा प्रश्न. तारेचे यंत्र त्यांच्याकडे होते, अपूर्णांक त्यांच्याकडे होते. ज्याचा स्वर प्रमाण मानावा असा गळा नव्हता. तो अब्दुल करीम खाँ यांनी दिला. खाँसाहेबांनी रागातला स्वर लावायचा आणि देवलांनी तार त्या स्वराशी जुळवून लांबी मोजायची, असे हे काम चाले. १९१० मध्ये देवलांचे इंग्रजी पुस्तक पुण्यात छापले गेले. त्यांना जोड मिळाली ती अर्नेस्ट क्लेमेंट्स या आयसीएस न्यायाधीशाची. १९१३ मध्ये क्लेमेंट्सचेही पुस्तक आले. त्याने एका सप्तकात बारांऐवजी बावीस श्रुतींची सोय असलेली पेटी लंडनमध्ये बनवून घेतली.

या मांडणीचे सोपे रूप असे की सा आणि पंचम अचल, त्यांची एकेकच जागा. उरलेल्या दहा स्वरांच्या मात्र दोन दोन जागा, एक किंचित उतरलेली आणि एक किंचित चढलेली. दहा दुणे वीस आणि दोन मिळून बावीस. वर पाहिलेले ३०० आणि ३०३.७५ हे दोन गंधार यात शेजारी शेजारी बसतात.

मराठी ब्राह्मण अधिकारी, इंग्रज न्यायाधीश आणि कैरान्याचा मुसलमान उस्ताद यांना एकत्र आणणारा प्रश्न तिघांच्याही धर्माचा किंवा राज्याचा नव्हता. पण तिघांचे वजन सारखे नव्हते, हेही खरे. पुस्तकांवर नावे आली ती देवल आणि क्लेमेंट्स यांची. खाँसाहेबांचा उल्लेख आदराने झाला, तो ज्याच्या गळ्यावर स्वर पडताळले असा गायक म्हणून. हजार वर्षांपूर्वी जलजलची जागा अल-फाराबीच्या ग्रंथात जलजलच्याच नावाने नोंदली गेली. पुण्यात छापलेल्या आकड्यांना मात्र गायकाचे नाव मिळाले नाही.

मार्च १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे श्रुतींवर जोरदार वाद झाला. पंडित विष्णु नारायण भातखंडे आणि इतर जाणकारांना देवल-क्लेमेंट्स यांचा दावा आणि त्यांची पेटी पटली नाही. भातखंड्यांच्या बाजूने मोठा मुद्दा होता. भरताने श्रुती मोजल्या, पण त्यांचे अपूर्णांक दिले नाहीत. आजच्या पदार्थविज्ञानाचे आकडे जुन्या ग्रंथाच्या नावावर कसे घालायचे? शिवाय गायक कोमल गंधार एकाच जागी धरून बसत नाही. दरबारीत तो झुलतो, मियाँ मल्हारात वेगळ्या वळणाने येतो. पेटीला बावीस पट्ट्या केल्या म्हणून तिला हे झुलणे थोडेच येणार?

काळाने दोन्ही बाजूंना थोडा थोडा न्याय दिला. पुढे यंत्रांनी गायनाची मोजणी झाली तेव्हा दिसले की एकच गायक एकाच रागात एकच स्वर वेगवेगळ्या उंचीवर लावतो. बावीस ठरलेल्या खुंट्यांवर गाणे टांगलेले नाही. पण तंबोऱ्याच्या संगतीत धीम्या आलापात स्थिरावलेला शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा उतरलेला असतो, ही गोष्टही जाणकारांना मान्य आहे. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. त्या बंदीमागे याच वादाचा एक धागा होता. खाँसाहेब तेव्हा हयात नव्हते.

शाळा आणि संसार

देवलांसोबतचे काम चालू असतानाच खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय चालवले. १९१३ पासून ते पुण्यात होते. उस्तादाच्या घरी राहून, वर्षानुवर्षे सेवा करून कणाकणाने मिळणारी विद्या त्यांनी वर्गात आणली. गरीब विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाचा भार जलशांच्या उत्पन्नातून उचलला. या जलशांत खाँसाहेबांनी शिकवलेला कुत्राही सुरात सूर मिळवायचा, असे सांगतात. नावात आर्य असलेली शाळा चालवणारा हा मुसलमान उस्ताद पुणेकरांनी आपला मानला. तो मराठी नाट्यपदेही गायला आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या.

म्हैसूरच्या दरबारात त्यांचे जाणे-येणे होते. तिथे त्यांनी कर्नाटक संगीत कान देऊन ऐकले, सरगम गाण्याची त्यांची पद्धत उचलली आणि त्यागराजांची एक कृतीही ध्वनिमुद्रित केली. उत्तरेच्या गवयाने दक्षिणेची रचना रेकॉर्डवर गाणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

घरातला सूर मात्र टिकला नाही. १९२२ च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी पुढे माने आणि बडोदेकर ही आडनावे लावली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या. कृष्णराव माने, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ही त्यांचीच भावंडे. हिराबाईंना पुढची तालीम किराण्याचेच दुसरे थोर उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे मिळाली. स्वरांमधली केसभर फट ऐकणाऱ्या माणसाला घरातली फट बुजवता आली नाही. तरीही त्या मुलांच्या गळ्यांत किराण्याचाच स्वर होता. सुरेशबाबू आणि हिराबाईंकडून तो प्रभा अत्रे यांच्यापर्यंत पोहोचला.

दुसरी वाट शिष्यांची. धारवाड भागातल्या कुंदगोळचे रामभाऊ त्यांच्याकडे शिकले आणि सवाई गंधर्व झाले. सवाई गंधर्वांकडून ही विद्या गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी आणि फिरोज दस्तूर यांच्याकडे गेली. एकाच गुरूच्या पायाशी कन्नड घरची मुलगी, कन्नड ब्राह्मण तरुण आणि मुंबईचा पारशी. भीमसेनांनी १९५३ मध्ये गुरूच्या नावाने पुण्यात सुरू केलेला महोत्सव आज देशभर ठाऊक आहे. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी या शिष्याने तर गुरूचे विस्तृत मराठी चरित्रच लिहिले. रोशन आरा बेगम पुढे पाकिस्तानात गेल्या आणि तिथे मोठ्या झाल्या.

मिरज

शेवटची वर्षे खाँसाहेब मिरजेत राहिले. मिरजेशी त्यांचे नाते जुने होते. प्लेगने आजारी असताना ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात त्यांना आराम पडला, अशी तिथली श्रद्धा आहे. तेव्हापासून उरुसात हजेरी लावणे त्यांनी सोडले नाही. मिरजेत त्यांच्या कानाला साजेसे कारागीरही होते. एके काळी हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तिथे तंबोरे आणि सतारी घडवत आली आहेत. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी काढणारा कारागीर आजही आकडे लिहीत नाही. पटाशीने घोडी किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब मद्रासला गेले होते. तिथून श्रीअरविंदांच्या आश्रमाकडे, पाँडिचेरीला निघाले. शाबान सरत आला होता, रमजान जेमतेम नऊ-दहा दिवसांवर होता. गाडीत छातीत कळा येऊ लागल्या, म्हणून ते सिंगपेरुमल कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले. शिष्य सांगत आले ते असे, की त्यांनी नमाज अदा केली, तंबोरा जुळवायला लावला आणि दरबारीच्या स्वरांत कलमा म्हणत डोळे मिटले. तारीख २७ ऑक्टोबर. वयाची पासष्ट वर्षे पुरी व्हायला दोन आठवडे उरले होते. देह मिरजेला आणून शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला.

देवलांचे पुस्तक आता ग्रंथालयाच्या कपाटात आहे आणि क्लेमेंट्सची पेटी मैफलीत कधी रुळली नाही. दर्ग्यात मात्र दरवर्षी उरुसाच्या वेळी चिंचेच्या झाडाखाली खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते. देशभरचे गवई तिथे येऊन हजेरी लावतात. गाणे सुरू होण्याआधी बराच वेळ नुसते तंबोरे जुळत असतात. ऐकणारे हिंदू असोत, मुसलमान असोत, त्या वेळी कोणी बोलत नाही. कान देऊन बसले तर चार तारांच्या गुंजनात, कोणी न छेडलेला, तो ३०० च्या नात्यातला गंधार ऐकू येतो.